पंख्याखालची गुड्डी

“ही आपली गुड्डी,” मोना मॅडम म्हणाल्या आणि भिंतीवरच्या पांढऱ्या कागदावर त्यांनी दोन वेण्यांची मुलगी काढली.

माजी विद्यार्थी मंडळाच्या चारही सभासदांनी माना वाकड्या करून गुड्डीकडे पाहिलं. चहाचा ट्रे घेऊन उभ्या असलेल्या रुचिकाकडे कोणी पाहिलं नाही. वेण्या तिलाही दोनच होत्या. अंगावर शाळेचा गणवेश होता. पण ती खरी होती, तिथंच तिचं बिघडलं होतं.

मॅडम खास नागपूरहून आल्या होत्या. मंडळ शाळेसाठी फुकट राबतं, पण त्याला दिशा सापडत नाही, म्हणून ही डिझाइन थिंकिंगची, म्हणजे ज्याची अडचण त्याच्या जागी जाऊन उपाय शोधायची कार्यशाळा. मंडळ फुकट राबतं हे खुद्द मंडळानंच मॅडमना सांगितलं होतं. दिवसभर एकच प्रश्न सोडवायचा होता. शाळा सुटल्यावर सिहोऱ्याच्या बसची वाट पाहणाऱ्या मुलींनी बसायचं कुठे? वर्गांना पाचला कुलूप लागतं. बस येते दिवेलागणीला. मुली जिन्यावर बसतात. तिथूनही कोणी हाकललं की स्टँडवर, पानठेल्यासमोर उभ्या. रुचिकाच्या बाबानं कालच सांगून टाकलं होतं, “पुन्हा ठेल्यासमोर उभी दिसली त दहावी-बिहावी बंद. घरी बसजो.”

“आधी स्वतःला गुड्डीच्या जागी ठेवायचं,” मॅडम म्हणाल्या. “डोळे मिटा.”

मंडळाचे अध्यक्ष भैय्याजी, राईस मिलवाले. त्यांनी डोळे मिटले आणि गुड्डीच्या जागी जाऊन ते घोरायला लागले. त्यात त्यांचा काय दोष? पंखाच तसा होता. अख्ख्या शाळेत असा वारा देणारा दुसरा पंखा नाही. म्हणून तर मंडळानं आपलं कार्यालय याच खोलीत थाटलं होतं. सोफा, कपाट, हार घातलेले फोटो, सगळं आलं होतं. मॅडम येणार म्हणून आज सकाळी रुचिकाला स्टूलवर चढवून पंख्याची जाळी-जळमटं पुसायला लावली होती. तेव्हापासून ती मधूनमधून वर पाहायची आणि ओठ घट्ट आवळून धरायची.

मग रंगीत चिठ्ठ्या निघाल्या. ज्याला जे सुचेल ते लिहायचं आणि भिंतीवर चिकटवायचं.

“गुड्डीले बगीचा आवडते,” कापडवाले हिरालाल शेठ म्हणाले. गुड्डीला जन्मून अजून तासही झाला नव्हता, पण शेठना तिची आवड ठाऊक होती. “बगीच्यात संगमरवरी बाक ठेवा. बाकावर देणाऱ्याचं नाव.”

“गेटजवळ टिनाचं शेड,” बाबूलालजी म्हणाले. “नाव मोठ्या अक्षरात. रोडवरून दिसलं पायजे.”

भुपेंद्र विम्याचा एजंट. मंडळात सगळ्यात तरुण, म्हणून तो स्वतःला सगळ्यात हुशार समजायचा. तो उठून उभाच राहिला. “ॲप बनवू! बस कोठी पोहोचली ते गुड्डीले मोबाइलवर दिसन.”

“अन् तोवर ॲपवरच बसन काय ते?” रुचिका पुटपुटली.

“काय म्हणाली वं?” भुपेंद्रनं विचारलं.

“चहा थंडा होऊन राहिला म्हटलं.”

भैय्याजींना हलवून जागं केलं, तेव्हा त्यांनी झोपेतच ठरवल्यासारखं सांगितलं, “एक कमिटी बसवा.” कमिटीला बसायला जागा लगेच मिळते, हे रुचिकाच्या ध्यानात आलं. पोरींनाच काय ती मिळत नाही.

शाळा सुटून पोरी बाहेर जिन्यावर येऊन बसल्या, तेव्हा कुठे मतदान आलं. आवडलेल्या चिठ्ठीवर लाल टिकली लावायची होती. चौघांनी आपापल्या चिठ्ठीला टिकली लावली आणि एकमेकांकडे कौतुकानं पाहिलं. मॅडमनी टाळ्या वाजवल्या.

“आता शेवटची पायरी. आपल्या कल्पना एका खऱ्या मुलीला दाखवू या. आहे का कोणी?”

भैय्याजींनी दाराकडे पाहिलं, खिडकीकडे पाहिलं. मग रिकामे कप गोळा करणाऱ्या रुचिकाला म्हणाले, “अवं पोरी, कप नेता नेता शाळेतली एखादी पोरगी पाठव बरं इकडे. जरा बोलणारी पाहून आन.”

रुचिकानं ट्रे टेबलावर ठेवला. कप तसेच राहू दिले. या खोलीत ती आजवर ‘हो जी’ आणि ‘चहा’ याच्यापुढे मोठ्यानं काही बोलली नव्हती. पण आता तिचे पाय कसे ऐटीत चालले. दाराशी जाऊन तिनं पंख्याचं बटण खटकन बंद केलं.

“पंखा कायले बंद केला वं?” भैय्याजी ओरडले.

“बोलणारी पोरगी पायजे होती न, भैय्याजी? थे आली. आता जरासं वर पाहा.”

सगळ्यांनी वर पाहिलं. मॅडमनीसुद्धा. पंख्याचा वेग उतरत गेला, पाती वेगवेगळी दिसायला लागली आणि पुसलेल्या पात्यांवरची लाल अक्षरं उमटली. दिसेल ती पाटी मोठ्यानं वाचायची हिरालाल शेठना जन्माची खोड. त्यांच्यानं राहवलं नाही.

“मुलींच्या…”

दुसरं पातं आलं.

“विश्रांती खोलीस…”

तिसरं पातं सावकाश आलं आणि थांबलं.

“सप्रेम भेट.” शेठनी मान आणखी वर केली. “अन् मंधातल्या टोपीवर तुमचंच नाव हाय जी, भैय्याजी.”

भैय्याजींच्या कपाळावर घाम आला. मॅडमच्या हातातल्या मार्करचं टोपण खाली पडून सोफ्याखाली घरंगळत गेलं. ते उचलायला कोणी वाकलं नाही.

रुचिका कधीच बाहेर पडली होती. जिन्यावरून तिचा खणखणीत आवाज आला,

“उठा वं पोरीहो, दप्तरं घ्या! आपल्या खोलीतले पाहुणे निघून राहिले!”