ओनर इथंच हवा

आई वारली त्याच्या आदल्या दिवशीही ती घरातच चालवत असलेल्या पीजीतल्या एका मुलीची वेणी घालत तिला रागावत होती, “तेल म्हटलं की पळतीस!”

महिन्यानं पालिकेचा माणूस कुवेंपुनगरच्या घरी आला. “पीजीचं लायसन्स अम्मांच्या नावावर होतं, संपलं. नव्यासाठी ओनर इथंच राहायला हवा. तुम्ही तर बेंगळुरूला. मुलींना खोल्या खाली करायला सांगा, मॅडम.”

मुली जिन्यात उभ्या होत्या. स्वयंपाकघरात तापलेला तवा नळाखाली चरचरला. तांदळाच्या पिठाची पुढची अक्की रोट्टी त्यावर थापण्याआधी तो असा गार करायचा, हे आईनंच त्यांना शिकवलं होतं.

माझी सुट्टी संपली की आई विचारायची, “राहतीस काय गे?” मी हसून बॅग उचलायचे.

“राहते,” मी मोठ्यानं म्हणाले.