मगरीच्या तोंडातलं पिल्लू

"मारा दगड, पिल्लाला खातेय ती," मी ओरडले, आणि सहलीला आणलेल्या सातवीच्या मुलांनी कृष्णाकाठचे दगड उचलले.

समोर वाळूवर मगरीच्या जबड्यात वीतभर पिल्लू वळवळत होतं. दोन-तीन दगड लागल्यावर तिनं ते खाली ठेवलं आणि ती पाण्यात शिरली. मुलांनी टाळ्या वाजवल्या. मलाही बरं वाटलं.

काठाला नाव बांधत असलेले नावाडी भैरूमामा जवळ आले. "बाई, खात नव्हती ती. अंड्यातनं निघालेली पोरं तोंडात धरून पाण्यात नेती. सकाळधरनं चालू हाय तिचं."

वीस वर्षं मी फळ्यावर फरक लिहून देत आले: सस्तन प्राणी पिल्लांना दूध पाजतात, जपतात, सरपटणारे अंडी घालून निघून जातात. कालच मामांची नात वर्गात उठून म्हणाली होती, "बाई, मगर सोडून जात नाही." मी तिला खाली बसवलं होतं.

वाळूत पिल्लू आईला हाका मारत होतं. पाण्यावर दोन डोळे तसेच थांबले होते.

नात माझ्या शेजारीच उभी होती. मघाशी मी तिच्या हातात कोंबलेला दगड तिनं हळूच माझ्या हातात ठेवला.