बिनसाखळीचा पेला

शिंप्याचं दुकान आणि मागची खोली, दोन्ही रिकामी करून सामान टेम्पोत चढलं होतं. उरला होता दाराबाहेरचा पाण्याचा माठ. लेक म्हणाली, "बाबा, हा नेऊन करायचं काय? माझ्याकडे फिल्टर आहे."

"राहू द्या की इथंच," दुकान घेणारा घड्याळजी म्हणाला. "मी भरत जाईन रोज. तहानलेल्याला पाणी पाजण्याएवढं पुण्य नाही. फक्त पेल्याला साखळी लावतो, म्हणजे कोणी लांबवायला नको."

साखळी म्हणताच शिंपी दचकला. त्याच्या बायकोने पस्तीस वर्षं हा माठ भरला होता. रोज सकाळी घासून, पाणी गाळून. पेले मात्र सारखे गायब व्हायचे. साखळी लाव म्हणून तो कानीकपाळी ओरडायचा, पण बाई ढिम्म. "आलेल्याला आधी चोर ठरवायचं आणि मग पाणी पाजायचं? डोंबलाचं पुण्य!" असं म्हणून घरातला दुसरा पेला आणून ठेवायची.

पुण्याचं त्याला कधी फारसं कळलं नाही. या माठापायी ती कुठे गेली नाही, एवढंच कळत होतं. भावाकडे गेली तरी संध्याकाळी परत. समुद्र बघून येऊ म्हटलं, की ठरलेलं उत्तर, "आणि पाणी कोण भरेल?" शेवटी एकदाची तयार झाली, तर आजारीच पडली. त्यातून उठलीच नाही.

"साखळी नको," तो म्हणाला.

"अहो, पेला टिकायचा नाही."

"न टिको."

त्याने टेम्पोतून भांड्यांची पिशवी खाली घेतली आणि तळातून एक स्टीलचा पेला काढला. लग्नातला, काठाशी तिचं नाव कोरलेला. ती गेल्यापासून तो याच पेल्याने पाणी प्यायचा, दुसऱ्या कुणाला हात लावू द्यायचा नाही. सदऱ्याच्या टोकाने पुसून त्याने तो माठाच्या झाकणावर पालथा घातला.

लेकीचा चेहरा पडला. "बाबा, आईचा आहे तो! आठवड्याभरात कोणीतरी घेऊन जाईल."

"जाऊ दे," टेम्पोत चढता चढता शिंपी म्हणाला. "तेवढंच तिचं फिरणं होईल."