बरकतपासून डावीकडं

“डोळे बांधा माझे, तरी ड्रिल मशीनपाशी नेऊन सोडतो!” असं छातीठोकपणे सांगून बरकतचाचा कारखान्याच्या शेडमध्ये शिरले आणि विसाव्या पावलाला चुकले.

चुकणारच की! एकतीस वर्षं इथं राबले हे खरं, पण रिटायर होऊनही अकरा झाली. पेन्शनच्या कागदावर सही करायला पिंपरीला आले होते, तर म्हणाले, एकदा माझी जागा बघून जातो. गेटवर कुणी ओळखलं नाही. गळ्यात ‘व्हिजिटर’चा पास अडकवला आणि सोबत सिक्युरिटीची वर्षाली दिली. तिला कामाला लागूनच आठवडा झालेला.

चाचांचा सगळा नकाशा कानात न् नाकात. प्रेस मशीनची धडधड उजव्या कानाला आली की वळायचं, पुढं कूलंटच्या तेलकट पाण्याचा वास, मग फोरमन यशवंतरावांच्या शिव्या, की आलं ड्रिल. आता प्रेस चाकणच्या प्लांटला गेलेला. यशवंतराव तर त्याहून लांब गेलेले. पिवळे रोबो नुसते माना हलवत होते.

“काका, चला ना परत. साहेब ओरडतील मला.”

चाचा खट्टू झाले. एकतीस वर्षांची एक खूणसुद्धा ठेवली नाही लेकाच्यांनी? शेवटी लाजतच त्यांनी एका ऑपरेटरला विचारलं, “भाऊ, इथं ड्रिल सेक्शन होता बघ.”

“ते काय माहीत नाही. तिकडं आता टेस्टिंग आहे. सरळ जावा, बरकतपासून डावीकडं वळा.”

चाचा जागीच थांबले. “कुणापासून?”

“बरकत. तो काय, कोपऱ्यातला खांब.”

“पण बरकत कोण?”

“कोण म्हणजे? माणूस नाही ओ काका, खांब आहे! सगळे तसंच म्हणतात.”

चाचा खांबापाशी गेले. खाली फरशीत ड्रिलच्या बोल्टांची चार भोकं, सिमेंटनं बुजवलेली. याच खांबाला टेकून रोज डबा खाल्ला होता. त्यांनी खांबावर हात ठेवला. हसू येत होतं आणि डोळ्यांतलं पाणीही थांबेना.

तेवढ्यात वर्षालीचा वॉकीटॉकी खरखरला. “अगं, आहेस कुठं तू?”

तिनं इकडंतिकडं पाहिलं आणि बटण दाबलं.

“बरकतपाशी उभी आहे, सर.”