ऐकायचा सेट
बायको गेल्याचं इस्पितळातून कळलं, त्या दिवसापासून तिचा हॅम रेडिओ, परवाना काढून दूरदूरच्या अनोळखी लोकांशी बोलायचा हौशी रेडिओ, बंदच होता. महिन्याभराने नवऱ्याने लावला, तर रॅकमधली पॉवर स्ट्रिपच जळून गेली. “एकच बटण हवं, की प्रत्येक सॉकेटला वेगळं?” नवी दाखवताना दुकानदाराने विचारलं. “वेगळं द्या. ऐकायचा सेट लावीन, बोलायचा बंद ठेवीन.” “काका, घरात बोलायची चोरी आहे वाटतं?” “परवाना बायकोचा होता. मला नुसती ऐकायची मुभा.” दुकानदाराने स्ट्रिप बांधून दिली. घरी स्क्रू पिळून त्याने ती बसवली आणि पहिलं बटण दाबलं. खरखरीतून एक म्हातारा आवाज बायकोच्याच परवान्याचा क्रमांक घेत तिला हाक मारत होता. “ताई, आहात ना? रोज बोलावतोय. आमच्यावर रुसलात की काय?” बोलणारा कोण, कुठला, त्याला ठाऊक नव्हतं. बोलायच्या सेटच्या बटणावर गेलेलं बोट त्याने मागे घेतलं. म्हाताऱ्याला सांगायचं राहिलंच आहे.