आक्काबाईची सोबत

वच्छला दवाखान्यात सोनोग्राफीच्या टेबलावर आडवी झाली तरी तिने आक्काबाईचा हात सोडला नाही. पोटावर गार, चिकट काहीतरी पडलं तशी ती दचकली.

"भिऊ नको गं. दुखत नाय काही," आक्काबाई म्हणाली.

नवरा, कडूबा, पायथ्याशी उभा होता. विद्यापीठाच्या नामांतराच्या बंदमुळे कंपनीची बस आली नव्हती, म्हणून तो सापडला. एरवी बायकांच्या कामात पुरुषाचं काय अडलंय म्हणून सटकलाच असता.

आक्काबाई त्याची चुलत बहीण, नवऱ्याने टाकलेली म्हणून आपल्याकडेच असते, असं त्याने लग्नातच सांगितलं होतं. फर्दापूरहून लग्न होऊन आलेल्या वच्छलाला वाटलं होतं, ही नणंद आपल्याला सळो की पळो करून सोडणार. झालं उलटंच. या बाईने तिला भरली घागर उचलू दिली नाही, डोहाळे पुरवले. सख्ख्या आईने केलं नसतं एवढं केलं. भावासमोर मात्र डोक्यावरचा पदर कधी ढळू द्यायची नाही. आणि भाऊबीज आली की हिचं नेमकं डोकं दुखायचं. भोळी वच्छला बिचारी सुंठ उगाळून द्यायची.

डॉक्टरीणबाईंनी पडद्यावर एकच जागा पुन्हा पुन्हा पाहिली.

"बाळाच्या पाठीचा कणा उघडा आहे," त्या शेवटी म्हणाल्या. "जगणं कठीण आहे."

परवाच या लेकराने पहिली लाथ मारली होती आणि वच्छलाने हौसेने आक्काबाईचा हात तिथे ठेवला होता.

"घरात आधी कुणाचं मूल असं झालं होतं? खरं सांगा. पुढच्या खेपेला आधीपासून औषध देता येईल."

"आमच्या घराण्यात असलं काय नाय," कडूबा तडकला. "हिच्या माहेरचंच असंल. उद्याच नेऊन घालतो फर्दापूरला."

वच्छलाला रडू फुटलं. ज्याच्या भरवशावर माहेर सोडलं, त्याने भर दवाखान्यात तिला वाऱ्यावर सोडलं होतं. आता या घरात तिचं म्हणावं असं एकच माणूस उरलं.

"आक्का, तुमी तरी सांगा हो ह्यांना. मला नका धाडू म्हणावं."

आक्काबाईने एकदा कडूबाकडे पाहिलं. तो मान हलवून नको नको म्हणत होता. मग ती डॉक्टरीणबाईंकडे वळली.

"माझ्या पोटची दोन अशीच गेली, बाई," ती म्हणाली. "बाप ह्योच. मला टाकणारा नवराबी ह्योच."