उत्तररंग

"पूर्वरंग संपला! उत्तररंग पुस्तकात वाचा." ग्रंथालयाच्या कीर्तनवेड्या बाईंनी गोष्ट ऐन रंगात थांबवली.

"मग बाई, मध्यंतराचा बुक्का लावू, माळ घालू?" सातवीची मुलं हसली आणि पुस्तकासाठी झुंबड उडाली.

त्यांच्याच वर्गातली रेणुका इस्पितळातून मोबाइलवर ऐकत होती. "बाई, मला पुस्तक धरवत नाही. उत्तररंग तुम्हीच सांगा ना."

"घंटा झाली गं. शुक्रवारी नक्की सांगते."

शुक्रवारी पडद्यावर नाव रेणुकाचंच उमटलं, चेहरा तिच्या आईचा होता. "बाई, पोर बुधवारी गेली. गोष्टीचा शेवट तेवढा ऐकायचा राहिला. मला सांगता?"

बाईंनी पुस्तक उघडलं. दोन ओळी वाचून त्या थांबल्या. बुवांचा सूर अडला की साथीदार उचलतात, तशी मागून सगळी सातवी पुढचं म्हणू लागली. पुस्तक आठवडाभर हातोहात फिरलं होतं. शेवट सगळ्यांनाच पाठ होता.